जी जगली, तिचं काय?

जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आपल्या कॉलेजांमध्ये गॅदरिंगच्या तालमी आणि पाठोपाठ शिवजयंती. शहापूर असो की मुरबाड, या दिवसांत स्टेजवर एक प्रसंग हमखास दिसतो. मावळे कल्याणचा खजिना घेऊन येतात. खजिन्याबरोबर सुभेदाराची देखणी सूनही पकडून आणलेली असते. भर दरबारात तिला उभं केलं जातं. महाराज तिला आईच्या जागी मानतात, साडीचोळी देऊन सन्मानाने घरी पाठवतात. टाळ्या पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात.

तुमच्यापैकी एखादीने डोक्यावर पदर ओढून ती सून रंगवली असेल. तिला विचारा, तुझ्या वाट्याला वाक्यं किती होती? बहुधा एकही नाही. मान खाली घालून उभं राहायचं, इतकंच काम. तिचं नाव काय, हे स्क्रिप्टमध्येही नसतं. घरी परत गेल्यावर तिचं काय झालं, सासरच्यांनी तिला आत घेतलं का, हे विचारायच्या आत पडदा पडलेला असतो.

गोष्ट आपल्या शेजारचीच आहे. १६५७ साली महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, थोड्याच दिवसांत शहापूरचा माहुलीही स्वराज्यात आला. आसनगावहून लोकल पकडा नाहीतर मुरबाडहून एसटी, आपण उतरतो त्याच कल्याणला. सुनेचा हा प्रसंग समकालीन कागदपत्रांत मिळत नाही, तो नंतरच्या बखरींतून आणि लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत आला, असं अनेक इतिहासअभ्यासक सांगतात. मात्र त्यामागचं धोरण खरं आहे. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार. महाराजांबद्दल चांगलं लिहायची त्याला काही हौस नव्हती. तरीही, मोहिमेत बायकांना हात लावायचा नाही असा महाराजांचा सक्त नियम होता, हे त्यालाही नोंदवावं लागलं. युद्धात बायका लुटीचाच भाग समजल्या जायच्या, त्या काळातली ही गोष्ट आहे. तिचं मोल कमी करायचा प्रश्नच नाही.

प्रश्न आहे तो आपल्या आठवणीचा. ही गोष्ट आपण साडेतीनशे वर्षं सांगतोय, आणि त्यात ती बाई अजून खजिन्याच्या पेटाऱ्यांच्या शेजारीच उभी आहे.

अशीच दुसरी गोष्ट वसईची. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसईही आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि हाती लागलेल्या पोर्तुगीज स्त्रीला सन्मानाने परत पाठवलं, अशी ती कथा. या दोन्ही कथांवर पुढे एक मोठा वाद झाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने’ या पुस्तकात महाराजांच्या आणि अप्पांच्या या वागण्यावर टीका केली. शत्रूने आपल्या स्त्रियांवर अत्याचार केले असताना त्याच्या स्त्रियांना असं सोडून देणं त्यांना चूक वाटलं. त्याला त्यांनी ‘सद्गुणविकृती’ म्हटलं.

आता थोडं थांबून बघा. एका बाजूचे म्हणतात, तिला परत पाठवलं म्हणून आपण मोठे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तिला परत पाठवलं म्हणून आपण भोळे. दोन्हीकडे बोलणं चाललंय ते ‘आपल्या’बद्दल. ती बाई म्हणजे एका बाजूला मोठेपणाचं सर्टिफिकेट आणि दुसऱ्या बाजूला चुकता न केलेला हिशेब. महाराजांचं मोठेपण असं की त्यांनी तिला हिशेबातून बाहेर काढलं. आपण मात्र तिला पुन्हा हिशेबात ओढतो.

युद्धात आणि दंगलीत लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांची आठवण आपलं साहित्य, सिनेमा आणि टीव्ही कशी ठेवतात, हे बघायला लागलं की दोन बायका ठळक दिसतात. एक ही, थोर पुरुषामुळे वाचलेली. दुसरी, अत्याचार होण्याआधीच जीव देणारी. पहिलीवर नाटक होतं, दुसरीवर सिनेमा. ‘पद्मावत’चा शेवट आठवा. लाल कपड्यांतल्या त्या बायका आगीकडे निघतात तेव्हा पार्श्वसंगीत टिपेला पोचतं.

तिसरी बाई मात्र यात कुठेच नाही. जिच्यावर अत्याचार झाला आणि तरीही जी जगली. जिने नंतर भाकऱ्या थापल्या, मुलं वाढवली, लग्नकार्यात पंगतीला वाढलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. खरं तर संख्येने सगळ्यांत जास्त तीच आहे.

टीव्हीचं एक उदाहरण घेऊ. १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ लागली. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, विषय फाळणी. मालिका थांबवा म्हणून मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लोक गेले. न्यायालयांनी ती थांबवली नाही, आणि ते बरंच झालं. आपल्या आईवडिलांच्या पिढीतल्या अनेकांना तिच्यातला एक प्रसंग आजही आठवतो. गुरुद्वारात अडकलेल्या शीख बायका एकामागून एक विहिरीत उड्या घेतात, तो.

असं खरंच घडलं होतं. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावात सुमारे ९० बायकांनी विहिरीत जीव दिला असं सांगितलं जातं. पुढे उर्वशी बुटालिया यांनी फाळणीतून गेलेल्या माणसांशी वर्षानुवर्षं बोलून ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ हे पुस्तक लिहिलं. ते १९९८ मध्ये आलं. त्यांना त्या विहिरीत उडी मारूनही जगलेली एक बाई भेटली. विहीर इतकी भरली होती की तिला बुडायला पाणीच उरलं नव्हतं. मेलेल्यांना त्यांच्या लोकांनी हुतात्मा म्हटलं. ही मात्र पुढे अनेक दशकं ते सगळं मनात घेऊन जगली. तिच्या वाट्याला कुठली मालिका येणार?

आणि ‘त्यांनी स्वतःहून जीव दिला’ हे तरी किती खरं? काही घरांत बापांनी, भावांनी आपल्याच लेकीबाळींना मारलं. त्या लेकींना कोणी विचारलं होतं, हे त्यांच्या कहाण्यांत सापडत नाही. ‘अब्रूसाठी मेली’ या गौरवाची दुसरी बाजू अशी, की जी मेली नाही तिच्याकडे लोक ‘मग ही कशी जगली?’ अशा नजरेने बघतात.

फाळणी आपल्यापासून लांब नाही. मुरबाडहून कल्याणला जाताना म्हारळ सोडलं की शहाडच्या आधी उल्हासनगरची वस्ती लागते. दुसऱ्या महायुद्धातला तो लष्करी कॅम्प. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. आपल्या गावातली जुनी माणसं अजूनही त्याला ‘कॅम्प’च म्हणतात. पंजाबइतका रक्तपात सिंधमध्ये झाला नाही. तिकडे पंजाबात सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ७५ हजार स्त्रिया पळवल्या गेल्या, असा अंदाज अभ्यासक देतात. त्यात हिंदू होत्या, शीख होत्या, मुसलमान होत्या. पळवणारेही सगळ्याच धर्मांचे होते.

दोन्ही सरकारांनी या स्त्रियांना शोधून परत न्यायचं ठरवलं. भारताने १९४९ मध्ये त्यासाठी कायदा केला. काही वर्षांत दोन्हीकडच्या मिळून सुमारे ३० हजार स्त्रिया आपापल्या देशात पाठवल्या गेल्या. काम मोठं होतं, आणि अनेकींसाठी ती सुटका होती. पण या कायद्यात, बाई तुला परत जायचंय का, हा प्रश्नच नव्हता. तिची नोंद कोणत्या धर्मात आहे, यावर तिचा देश ठरायचा. काहींना परत जायचं नव्हतं, तिथे मुलं झाली होती. काहींना जायचं होतं, तर घरच्यांनीच दार लावून घेतलं.

टीव्हीच्या कितीतरी आधी हे पकडलं साहित्याने. राजिंदरसिंग बेदी यांची ‘लाजवंती’ ही उर्दू कथा जरूर वाचा. तिचा नायक पळवलेल्या बायकांना घरात घ्या, मनात जागा द्या, म्हणून प्रभातफेऱ्या काढणारा. मग एक दिवस त्याची स्वतःची बायको परत येते. तो तिला घरात घेतो. मारत नाही, बोलत नाही, उलट ‘देवी’ म्हणायला लागतो. पण तिला काय काय सोसावं लागलं हे तिने सांगायला सुरुवात केली की तो तिला थांबवतो, विसर म्हणतो. तिला देवी व्हायचंच नसतं. तिला आधीसारखी भांडणारी, हसणारी बायको व्हायचं असतं. तिच्या नवऱ्याने वाईट काहीच केलं नाही, तरी ती एकटी पडली. आपण स्वतःला चांगली माणसं समजतो ना, ही कथा आपल्यासाठी आहे.

अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’ १९५० ची. तिच्यावरचा सिनेमा २००३ मध्ये आला. पूरोला पळवून नेतात. ती कशीबशी घरी पोचते, तर आईबापच तिला परत पाठवतात. शेवटी माहेरी जायची वाट उघडते तेव्हा ती स्वतः ठरवते, जायचं नाही. तिचा निर्णय आपल्याला पटेल न पटेल. पण तो तिचा आहे, आणि कादंबरी तो तिला घेऊ देते.

देवी करण्याचा प्रयोग एका अख्ख्या देशानेही केला. १९७१ च्या बांगलादेश युद्धानंतर तिथल्या नव्या सरकारने अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना ‘वीरांगना’ अशी पदवी दिली. दोन लाख स्त्रिया, हा सरकारी आकडा. त्यावर संशोधकांमध्ये मतभेद आहेत. हेतू चांगला होता, लोकांनी त्यांना मानाने घरात घ्यावं. गावागावांत झालं उलटं. ‘वीरांगना’ म्हणजे काय ते सगळ्यांना कळायचं, त्यामुळे ती पदवीच टोमणा होऊन बसली. मग नीलिमा इब्राहिम या लेखिकेने या स्त्रियांकडून ऐकलेलं लिहून काढलं. ‘आमि वीरांगना बोलछि’ म्हणजे ‘मी वीरांगना बोलतेय’. हे पुस्तक १९९४ मध्ये आलं. फिरदौसी प्रियभाषिणी या शिल्पकार स्वतःचं नाव घेऊन, चेहरा न लपवता टीव्हीसमोर बोलल्या. आणि २०१५ पासून सरकार वीरांगनांची नावं स्वातंत्र्ययोद्ध्यांच्या यादीत घेऊ लागलं. पदवीपासून यादीपर्यंत यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

हे सगळं परक्यांचं, असं म्हणून सुटता येणार नाही. आपल्या महाराष्ट्रात १९४८ चा मराठवाडा आहे. रझाकारांनी गावं लुटली, बायकांवर अत्याचार केले, हे आपण १७ सप्टेंबरच्या भाषणांत ऐकतो. ते खरं आहे. ‘पोलीस ॲक्शन’नंतर काय झालं हे पाहायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त हिंसा झाल्याचं समितीने लिहिलं. यात मुसलमान स्त्रियांवरचे बलात्कार आणि त्यांचं अपहरणही होतं. तो अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. २०१३ च्या सुमारास तो वाचायला मिळू लागला.

हे सांगितलं की लगेच कोणीतरी विचारतं, ‘मग त्यांनी केलं त्याचं काय?’ कल्याण-वसईच्या वादातलाच हा हिशेब. आपल्या बायकांवर झालेलं आठवायचं, दुसऱ्यांच्या बायकांवर झालेलं विसरायचं. त्या बायकांसाठी मात्र यातलं काहीच ‘आपलं’ नव्हतं. दोन्हीकडच्या बायका मार खाऊन गप्प बसल्या.

आता तुमच्या हातातल्या मोबाइलकडे या. जुलै २०२३ मध्ये मणिपूरमधला एक व्हिडिओ देशभर फिरला. घटना मे महिन्यातली. म्हणजे दोन महिने ती घडून गेलेली होती आणि देश हादरला तो व्हिडिओ आल्यावर. कितीजणांनी तो संतापून पुढे पाठवला. संताप खरा होता. पण त्या स्त्रियांना पुन्हा तसंच, त्याच अवस्थेत, लाखो स्क्रीनवर चालवण्यात आपलाही हातभार लागला. ज्या आठवणीत तिचं शरीर आहे आणि तिचा आवाज नाही, ती आठवण तिच्या बाजूची नसते.

थोडं भाषेकडेही बघू. आपल्या बातम्यांत आणि मालिकांत काय म्हणतात? ‘तिची अब्रू लुटली गेली’, ‘शील भ्रष्ट झालं’, ‘इज्जत गेली’. गुन्हा केला एकाने आणि गेली कोणाची, तर तिची! अब्रू जायचीच असेल तर करणाऱ्याची जायला हवी. ‘तिच्यावर बलात्कार झाला’ हे वाक्यही नीट ऐका. पाऊस झाला, उशीर झाला, तसा बलात्कार ‘झाला’. करणारा वाक्यातून गायब. ‘सैनिकांनी बलात्कार केला’, ‘जमावाने बलात्कार केला’ असं म्हटलं की तो परत वाक्यात येतो. पुढचं स्क्रिप्ट लिहिताना एवढा एक शब्द बदलून बघा.

कोणी म्हणेल, जुन्या जखमा कशाला उकरायच्या? ज्या बायकांनी गप्प राहायचं ठरवलं त्यांना राहू द्या की. बरोबर आहे, गप्प राहण्याचा हक्क तिला आहेच. आपला कायदाही बलात्कार सोसलेल्या स्त्रीची ओळख उघड करायला मनाई करतो. आधी भारतीय दंड संहितेत ते कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७२ आहे. तिने स्वतः लेखी परवानगी दिली तरच नाव छापता येतं. म्हणजे नावाचा निर्णय तिचा. पण तिने गप्प राहायचं ठरवणं वेगळं आणि आपण तिला गप्प करणं वेगळं. लाजवंतीचा नवरा दुसऱ्या प्रकारातला होता. आपल्या घरातली एखादी आजी, मावशी कधी काही सांगायला लागली आणि आपण ‘जाऊ दे गं, कशाला आठवतेस’ म्हणून विषय बदलला, तर आपणही त्याच रांगेत.

स्मारक म्हणजे काय, हे मुरबाडच्या मुलांना कोणी शिकवायला नको. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. आपण त्यांची नावं जाणतो, तारीख जाणतो, जागा जाणतो. दरवर्षी लोक तिथे जातात. ज्या तिसऱ्या बाईबद्दल आपण बोलतोय तिचं असं स्मारक बहुधा होणार नाही. नाव घेता येत नाही, तारीख ती सांगणार नाही, जागा ती टाळत आली. तिची आठवण राहील ती गोष्टीतच. म्हणून तिच्याबाबतीत गोष्ट लिहिणाऱ्याची जबाबदारी दगड घडवणाऱ्यापेक्षा मोठी आहे.

आणि गोष्टी लिहिणारे तुम्हीच आहात. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी एकांकिका, स्किट, एकपात्री तुम्ही बसवता. रील तुम्ही बनवता. युद्ध, दंगल, अत्याचार हे विषय तुम्ही घेता, घ्यायलाच हवेत. फक्त स्क्रिप्ट हातात आलं की चार गोष्टी तपासा. तिला नाव आहे का, निदान गोष्टीतलं तरी? ती बोलते का, की तिच्याबद्दल फक्त बाकीचे बोलतात? अत्याचारानंतरही गोष्ट पुढे जाते, की तिथेच प्रकाश मंद होऊन संपते? आणि शेवटी टाळ्या कोणासाठी पडतात?

एक करून बघाल? यंदा सुभेदाराच्या सुनेचा प्रसंग बसवलात तर महाराजांचा प्रवेश आहे तसाच ठेवा. त्यातला एक शब्दही बदलू नका. त्यानंतर फक्त पाच मिनिटांचा आणखी एक प्रवेश घाला. ती घरी पोचलीय. दार उघडलंय. समोर सासू आहे, नवरा आहे, शेजारणी जमल्यात. तिला एक नाव द्या, आणि पहिलं वाक्य तिला बोलू द्या.

ते वाक्य काय असेल, हे आम्ही सांगणार नाही. तालमीला बसा आणि तुम्हीच शोधा. सुनेचं काम करणाऱ्या मैत्रिणीला आधी विचारा.